अमेरिकेतील वंशभेद आणि निर्दोषांना होणारी शिक्षा : चूक नेमकी कुठे होते?

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रमाण सुमारे १३.६ टक्के आहे. पण न्यायालयाने आधी दोषी ठरवले आणि पुढे निर्दोष ठरले अशा लोकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्यांचे प्रमाण ५३ टक्के आहे. 'नॅशनल रजिस्ट्री ऑफ एक्झोनरेशन्स' या नावाने ही नोंदवही ठेवली जाते आणि हे आकडे तिच्या २०२२ च्या अहवालातले आहेत. गंभीर गुन्ह्यात चुकीने दोषी ठरण्याची शक्यता निर्दोष गोऱ्या माणसापेक्षा निर्दोष कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत सुमारे ७ पट आहे, असा या अहवालाचा निष्कर्ष आहे. खुनाच्या प्रकरणांत हा फरक साडेसात पट, लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत जवळजवळ ८ पट आणि अमली पदार्थांच्या प्रकरणांत १९ पट आहे.

यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते : कृष्णवर्णीय वस्त्यांत गुन्हे जास्त होतात, म्हणून तिथले लोक जास्त सापडतात आणि त्यातले काही चुकून अडकतात. खुनाच्या बाबतीत यात काही अंशी तथ्य आहे आणि अहवालही ते मान्य करतो. पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही. ज्या खटल्यांत कृष्णवर्णीय आरोपी पुढे निर्दोष ठरले, त्यांत पोलिसांच्या गैरवर्तनाचे प्रमाण गोऱ्या आरोपींच्या खटल्यांपेक्षा बरेच जास्त आढळते. अमली पदार्थांच्या बाबतीत तर हे उत्तर टिकतच नाही, कारण असे पदार्थ वापरण्याचे प्रमाण दोन्ही समाजांत जवळपास सारखे आहे. फरक पडतो तो कुणाला थांबवले जाते, कुणाची झडती घेतली जाते यात.

हा लेख त्या फरकाचा माग काढण्यासाठी आहे. निर्दोष माणूस तुरुंगात जातो तेव्हा सहसा एकच माणूस चुकलेला नसतो. पोलीस, साक्षीदार, सरकारी वकील, ज्युरी, बचावाचा वकील आणि वरचे न्यायालय अशा एकामागून एक हातांतून तो खटला गेलेला असतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर चूक सुधारण्याची संधी असते. आरोपीचा वर्ण ठराविक असला की ती संधी प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी कमी होत जाते.

ही नोंदवही कशी सुरू झाली

अमेरिकेत डीएनए चाचणीच्या आधारे पहिली शिक्षा रद्द झाली ती १९८९ साली. म्हणून नोंदवहीची सुरुवातही त्याच वर्षापासून धरली जाते, जरी ती प्रत्यक्षात २०१२ साली सुरू झाली. बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये 'इनोसन्स प्रोजेक्ट' सुरू केला आणि जुन्या पुराव्यांची डीएनए तपासणी करून कैद्यांना सोडवण्याचे काम हाती घेतले. आज नोंदवहीत ३,५०० हून जास्त नावे आहेत. या सर्वांनी मिळून ३०,००० हून जास्त वर्षे तुरुंगात काढली आहेत.

यातल्या बहुतेकांच्या प्रकरणात डीएनए पुरावा नव्हता. तो मुख्यतः बलात्कार आणि काही खुनांच्या तपासात मिळतो. दरोडा, मारहाण किंवा अमली पदार्थांच्या खटल्यात तपासण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे ही यादी म्हणजे केवळ उघडकीस आलेल्या चुकांची यादी आहे.

जुनी मुळे : स्कॉट्सबरो आणि जॉर्ज स्टिनी

मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात एका मालगाडीतून प्रवास करणाऱ्या ९ कृष्णवर्णीय मुलांना पोलिसांनी उतरवले. गाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. दोन आठवड्यांच्या आत स्कॉट्सबरो या गावी खटले चालले. ज्युरीत सगळे गोरे होते आणि बाहेर संतप्त जमाव उभा होता. मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांना तयारीला वेळच मिळाला नव्हता. ९ पैकी ८ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. त्या दोन तरुणींपैकी एकीने १९३३ मध्ये न्यायालयात येऊन असे काही घडलेच नसल्याचे सांगितले, तरीही ज्युरीने पुन्हा दोषी ठरवले.

या प्रकरणातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निकाल आले. १९३२ च्या 'पॉवेल विरुद्ध अलाबामा' निकालाने मृत्युदंडाच्या खटल्यात गरीब आरोपीला खरोखर बचाव करू शकणारा वकील देणे बंधनकारक केले. १९३५ च्या 'नॉरिस विरुद्ध अलाबामा' निकालाने कृष्णवर्णीयांना ज्युरीच्या यादीतून पद्धतशीरपणे वगळणे घटनाबाह्य ठरवले. मृत्युदंड कुणालाही झाला नाही, पण मुलांची तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली. त्यांच्यातील शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

जॉर्ज स्टिनी या मुलाला तेवढेही मिळाले नाही. दक्षिण कॅरोलायना राज्यात १९४४ साली दोन गोऱ्या मुलींच्या खुनाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. तो १४ वर्षांचा होता. खटला एका दिवसात संपला आणि गोऱ्या ज्युरीने सुमारे १० मिनिटांत निर्णय दिला. १६ जून १९४४ रोजी त्याला विजेच्या खुर्चीत बसवून मारण्यात आले. त्याची दोषसिद्धी न्यायालयाने रद्द केली डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे ७० वर्षांनी.

त्यानंतर कायदे बदलले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा आणि नोकरीतला उघड भेदभाव बेकायदा ठरवला. न्यायालयात आता कुणी आरोपीच्या वर्णाचा उल्लेख करून शिक्षा मागत नाही. तरीही यादी वाढत राहिली. कशी, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : संशय

टेक्सास राज्यातल्या टुलिया या जेमतेम ५,००० वस्तीच्या गावात जुलै १९९९ मध्ये पहाटे धाडी टाकून ४६ जणांना अटक झाली. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय होते. आरोप कोकेन विकल्याचा. धाडीत ना अमली पदार्थ सापडले, ना मोठी रोकड, ना शस्त्रे. सगळा पुरावा म्हणजे एका गुप्त पोलिसाचा शब्द. त्याच्याकडे ध्वनिमुद्रण नव्हते, सोबत दुसरा साक्षीदार नव्हता आणि काही नोंदी आपण स्वतःच्या पायावर लिहून घेतल्याचे तो सांगत होता.

तरीही ज्युरींनी त्याच्यावर विश्वास ठेवला. पहिल्या काही आरोपींना अनेक दशकांच्या शिक्षा झाल्या. ते पाहून बाकीच्यांनी न केलेला गुन्हा कबूल करून कमी शिक्षा पत्करली. २००३ साली टेक्सासच्या गव्हर्नरनी ३५ जणांना माफी दिली आणि २००५ मध्ये तो पोलीस खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. एका गोऱ्या वस्तीतल्या ४६ जणांना एकाच माणसाच्या शब्दावर असे उचलले असते तर गाव गप्प बसले असते का, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला.

दुसरा टप्पा : ओळख

साक्षीदार खोटे बोलत नसतानाही निर्दोष माणूस अडकू शकतो. उत्तर कॅरोलायना राज्यात १९८४ साली एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. तिने हल्लेखोराचा चेहरा जाणीवपूर्वक लक्षात ठेवला होता. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून तिने रोनाल्ड कॉटन या कृष्णवर्णीय तरुणाला निवडले, नंतर प्रत्यक्ष ओळख परेडमध्येही त्यालाच. दोन्ही वेळा समोर ठेवलेला एकमेव माणूस कॉटनच होता. परेडनंतर पोलिसांनी तिला सांगितले की छायाचित्रातही तिने हाच माणूस निवडला होता. तिची खात्री आणखी पक्की झाली. कॉटन यांना जन्मठेप झाली.

खरा गुन्हेगार त्याच तुरुंगात होता. १९८७ च्या दुसऱ्या खटल्यात त्याला तिच्यासमोर आणले गेले, पण याला आपण कधी पाहिलेले नाही असे तिने सांगितले. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने सत्य बाहेर आले, तोवर कॉटन यांची सुमारे साडेदहा वर्षे गेली होती. पुढे या दोघांनी मिळून पुस्तक लिहिले आणि ओळख परेडचे नियम बदलण्यासाठी एकत्र फिरले.

मानसशास्त्रज्ञ १९६९ पासून या गोष्टीचा अभ्यास करत आहेत. माणूस स्वतःच्या वंशाच्या लोकांचे चेहरे जितके नीट ओळखतो, तितके दुसऱ्या वंशाच्या लोकांचे ओळखत नाही. यात द्वेष असावाच लागतो असे नाही, सवयीचाही भाग असतो. पण गोरी साक्षीदार आणि कृष्णवर्णीय आरोपी अशी जोडी असते तेव्हा या सवयीची किंमत आरोपी मोजतो. 'इनोसन्स प्रोजेक्ट'च्या नोंदींनुसार डीएनएमुळे सुटलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या प्रकरणात साक्षीदाराने चुकीची ओळख पटवलेली होती.

तिसरा टप्पा : कबुलीजबाब

भारतात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. अमेरिकेत तो वापरता येतो आणि चौकशी करताना पोलिसांना पुराव्याबद्दल खोटे सांगण्याचीही मुभा आहे. तुझ्या मित्राने तुझे नाव घेतले आहे, तुझे ठसे सापडले आहेत, असे ते सांगू शकतात. १९६९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीला हरकत घेतली नाही.

१९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका गोऱ्या महिलेवर अमानुष हल्ला आणि बलात्कार झाला. पोलिसांनी १४ ते १६ वर्षांची पाच मुले पकडली. चार कृष्णवर्णीय होती आणि एक लॅटिनो. तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतर त्यांपैकी चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. त्यांच्या जबाबांत जागा, वेळ आणि कृती यांचा मेळ लागत नव्हता आणि डीएनए एकाचाही जुळत नव्हता. तरी १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले.

खटला सुरू होण्याआधीच शहराने निकाल दिला होता. वृत्तपत्रे या मुलांचे वर्णन हिंस्र प्राण्यांसारखे करत होती. डोनाल्ड ट्रम्प यांनी तेव्हा चार वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन न्यूयॉर्कमध्ये मृत्युदंड परत आणण्याची मागणी केली. २००२ साली दुसऱ्याच एका कैद्याने हा गुन्हा आपण एकट्याने केल्याचे सांगितले आणि त्याचा डीएनए जुळला. त्याच वर्षी पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. २०१४ मध्ये शहराने त्यांना ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. त्या पाचांपैकी युसेफ सलाम २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आले.

दमलेले, घाबरलेले, घरी जायला मिळेल या आशेने बोलणारे मूल कोणत्याही वर्णाचे असू शकते. त्या मुलाकडे पाहताना मोठ्यांना मूल दिसते की गुन्हेगार, हे मात्र वर्णावर अवलंबून राहते.

चौथा टप्पा : ज्युरी

आपल्याकडे नानावटी खटल्यानंतर ज्युरी पद्धत मागे पडली. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांचे खटले आजही सामान्य नागरिकांच्या ज्युरीपुढे चालतात. ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही जणांना कारण न देता वगळण्याचा अधिकार असतो. सरकारी वकिलांनी वर्षानुवर्षे हा अधिकार कृष्णवर्णीयांना वगळण्यासाठी वापरला. १९८६ च्या 'बॅट्सन विरुद्ध केंटकी' निकालाने वर्णाच्या आधारे वगळण्यास मनाई केली. पण वकिलाने वर्णाशी संबंध नसलेले कुठलेही पटण्याजोगे कारण सांगितले की बहुतेक वेळा ते मान्य होऊ लागले.

मिसिसिपी राज्यातील कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर १९९६ मधल्या चार खुनांबद्दल एकाच सरकारी वकिलाने तब्बल सहा वेळा खटला चालवला. पहिल्या तीन दोषसिद्धी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. पुढच्या दोन खटल्यांत ज्युरीचे एकमत झाले नाही. २०१० च्या सहाव्या खटल्यात मृत्युदंड झाला. या सहा खटल्यांत मिळून ज्या ४२ कृष्णवर्णीयांना वगळणे सरकारी वकिलाला शक्य होते, त्यांपैकी ४१ जणांना त्याने वगळले. सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना त्याने १४५ प्रश्न विचारले, तर ज्युरीत घेतलेल्या ११ गोऱ्यांना मिळून १२. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये ही दोषसिद्धी ७ विरुद्ध २ अशा बहुमताने रद्द केली आणि २०२० मध्ये फ्लॉवर्स यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. तोवर २० वर्षांहून अधिक काळ ते तुरुंगात होते.

पाचवा टप्पा : वकील, पैसा आणि सौदा

अलाबामातील अँथनी रे हिंटन यांना १९८५ मध्ये दोन खुनांबद्दल अटक झाली. याच मालिकेतील तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी ते सुमारे १५ मैलांवर एका बंदिस्त गोदामात रात्रपाळीला होते आणि तिथे त्यांच्या हजेरीची नोंद होती. त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे त्यांच्या आईच्या घरी सापडलेले पिस्तूल. गोळ्या त्यातूनच सुटल्या, असे सरकारी तज्ज्ञांनी सांगितले. बचावासाठी तज्ज्ञ नेमायला १,००० डॉलरच मिळू शकतात अशी हिंटन यांच्या वकिलाची समजूत होती. प्रत्यक्षात कायद्याने जास्त रक्कम मागता येत होती. तेवढ्या पैशांत मिळालेला तज्ज्ञ एका डोळ्याने अंध होता आणि उलटतपासणीत त्याची खिल्ली उडवली गेली.

२००२ मध्ये नामांकित तज्ज्ञांनी तपासणी करून सांगितले की गोळ्या त्या पिस्तुलाशी जुळवता येत नाहीत. राज्याने तरीही दाद दिली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि ३ एप्रिल २०१५ रोजी ते सुटले. अटकेपासून जवळजवळ ३० वर्षे गेली होती.

हिंटन यांचा खटला लढवणारे ब्रायन स्टिव्हन्सन हे स्वतः कृष्णवर्णीय वकील. त्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे पुढे 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' असे नाव झाले. त्याआधी त्यांनी वॉल्टर मॅकमिलियन यांना सोडवले होते. मॅकमिलियन यांच्याविरुद्धचा खटला दीड दिवस चालला. खुनाच्या वेळी ते घरी चर्चच्या मदतनिधीसाठी मासे तळण्याच्या कार्यक्रमात होते, असे अनेक कृष्णवर्णीय साक्षीदार सांगत होते. ११ गोऱ्या आणि एका कृष्णवर्णीयाच्या ज्युरीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ज्युरीने जन्मठेपेची शिफारस केली, न्यायाधीशांनी ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. खटला सुरू होण्याआधीच मॅकमिलियन यांना मृत्युदंडाच्या कैद्यांच्या बराकीत ठेवलेले होते. मुख्य साक्षीदारावर खोटी साक्ष देण्यासाठी दबाव आणल्याचे पुढे उघड झाले आणि १९९३ मध्ये ते सुटले.

पण बहुतेक खटले ज्युरीपर्यंत पोचतच नाहीत. अमेरिकेत ९० टक्क्यांहून जास्त दोषसिद्धी आरोपीने गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेतल्यामुळे होतात. जामिनाचे पैसे नसलेल्या माणसापुढे निवड अशी असते : न केलेला गुन्हा कबूल करून आज घरी जा, नाहीतर निर्दोष म्हणत खटल्याची वाट पाहत आत बस. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या कॅलीफ ब्राउडर या १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने २०१० मध्ये दुसरा मार्ग निवडला. आरोप दप्तर चोरल्याचा होता आणि जामीन ३,००० डॉलरचा. रायकर्स आयलंड तुरुंगात खटल्याविना सुमारे तीन वर्षे, त्यातही बराच काळ एकांत कोठडीत, काढल्यावर २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. तो बाहेर आला, पण सावरला नाही. २०१५ मध्ये त्याने आयुष्य संपवले. त्याचे नाव चुकीच्या शिक्षेच्या कोणत्याही यादीत येत नाही, कारण त्याला शिक्षा झालीच नव्हती.

सहावा टप्पा : वरचे न्यायालय

एवढ्या चुकांमागे वंशभेद आहे हे वरच्या न्यायालयात सिद्ध करता येते का? १९८७ च्या 'मॅक्लेस्की विरुद्ध केम्प' या निकालाने तो मार्ग जवळजवळ बंद केला. जॉर्जिया राज्यातील २,००० हून जास्त खून प्रकरणांचा अभ्यास न्यायालयापुढे ठेवण्यात आला होता. मृताचा वर्ण गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट वाढते, असे त्यातून दिसत होते. न्यायालयाने हा अभ्यास खोडून काढला नाही. पण राज्यभराचे आकडे पुरेसे नाहीत, याच आरोपीच्या खटल्यात कुणीतरी जाणूनबुजून भेदभाव केला हे सिद्ध करा, असे ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले. वॉरेन मॅक्लेस्की यांना १९९१ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितले की एखादे मत बदलता आले असते तर आपण याच खटल्यातले बदलले असते.

या निकालाने समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला पेच कायद्यात पक्का केला. भेदभाव व्यवस्थेत मुरलेला असतो तेव्हा तो आकड्यांत दिसतो, पण कुणा एका माणसाच्या मनात त्याचा हेतू म्हणून सापडत नाही. न्यायालय मात्र हेतूच मागते.

काय बदलले

या प्रकरणांतून काही सुधारणा झाल्या आहेत. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावे, अशी पद्धत अनेक राज्यांनी स्वीकारली. बऱ्याच राज्यांत गंभीर गुन्ह्यांतली चौकशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करावी लागते. इलिनॉय आणि ऑरेगन राज्यांनी २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांशी खोटे बोलून कबुली मिळवण्याला कायद्याने आळा घातला. डॅलस येथे टेक्सासचे पहिले निर्वाचित कृष्णवर्णीय मुख्य सरकारी वकील क्रेग वॉटकिन्स यांनी २००७ मध्ये आपल्याच कार्यालयाने मिळवलेल्या जुन्या शिक्षा तपासणारा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि तो नमुना इतर शहरांनी उचलला.

मॅक्लेस्की निकालाने घातलेली अडचण ओलांडण्याचा प्रयत्न राज्यांनी केला. उत्तर कॅरोलायनाने २००९ मध्ये मृत्युदंडाच्या प्रकरणांत आकडेवारीच्या आधारे दाद मागू देणारा कायदा केला आणि २०१३ मध्ये तो रद्दही केला. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये असा कायदा केला आणि नंतर तो जुन्या शिक्षांनाही लागू केला. तिथे हेतू सिद्ध करण्याची अट नाही.

केंद्रीय कायद्यानुसार चुकीने काढलेल्या तुरुंगवासाच्या दर वर्षामागे ५०,००० डॉलरपर्यंत आणि मृत्युदंडाच्या कोठडीतील वर्षामागे १ लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. पण बहुतेक खटले राज्यांचे असतात आणि तिथे नियम वेगळे. अलाबामाने हिंटन यांना ३० वर्षांची भरपाई दिलेली नाही.

आपल्याशी संबंध काय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होऊ लागलेला हार्लेमचा परिसर विद्यापीठाला लागूनच आहे. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागवली आणि ड्युबॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. जात आणि वंश एकच नव्हेत. पण जन्मावरून संशय घेणारी व्यवस्था कशी चालते, हे समजून घेण्याचा हा धागा जुना आहे.

आपल्याकडे तो संशय कायद्यातच लिहिला गेला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती या कायद्यातून मुक्त झाल्या, पण पोलिसांच्या नजरेतून सुटल्या नाहीत.

२००३ साली नाशिक जिल्ह्यात पाच जणांची हत्या झाली. सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले. पुढे पुनर्विलोकनात हा निकाल मागे घेण्यात आला आणि ५ मार्च २०१९ रोजी 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. आरोपी भटक्या जमातीतले आणि अत्यंत गरीब असल्याने त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि तपासातील दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश झाला. १६ वर्षे गेली होती.

संशय, ओळख, दुबळा बचाव आणि वरच्या न्यायालयाची चूक हे वर पाहिलेले टप्पे याच क्रमाने इथेही दिसतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधील जातीवर आधारित कामवाटपाच्या तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीवरही टीका केली. भरपाईबाबत मात्र भारतात स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती.

वस्तीत लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

वरील प्रकरणांत जे कागद वेळेवर पुढे आले नाहीत किंवा आले तरी दुर्लक्षित राहिले, ते आपल्या हाती वेळेत असावेत. कुणाला अटक झाली तर पहिल्याच दिवशी पुढील गोष्टी कराव्यात.

• अटकेची वेळ, ठिकाण आणि अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे.

• घटनेच्या वेळी माणूस कुठे होता याचा पुरावा लगेच गोळा करावा. कामावरची हजेरी, प्रवासाचे तिकीट, जवळच्या दुकानाचे सीसीटीव्ही चित्रण उपयोगी पडते. चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून त्यासाठी लेखी अर्ज द्यावा.

• वय १८ च्या आसपास असेल तर जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला वकिलाकडे द्यावा.

• कोऱ्या कागदावर सही करू नये.

• विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुले आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

• मिळालेला वकील खटल्यात लक्ष घालत नसेल तर वकील बदलून मागण्यासाठी प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करता येतो. तो करायला संकोचू नये. हिंटन यांची ३० वर्षे वकिलाच्या एका चुकीच्या समजुतीमुळे आणि ती दुरुस्त करायला कुणीच तयार नसल्यामुळे गेली.